स्लॉथला 'आळशी अस्वल' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: मुलांसाठीच्या एका पाठात ॲमेझॉनच्या जंगलातल्या स्लॉथचं, म्हणजे झाडाला उलटं लटकणाऱ्या एका संथ प्राण्याचं, वर्णन होतं. अनुवाद करताना 'आळशी अस्वल' लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडलं. मग मराठीत म्हणायचं काय?

खोडलं ते बरोबरच. स्लॉथचं अस्वलाशी काही नातं नाही. त्याचे भाऊबंद म्हणजे मुंगीखाऊ आणि आर्माडिलो. शिवाय आपल्या अस्वलाशी मेळघाटात मोहाखाली ज्याची गाठ पडली, तो त्याला आळशी म्हणायला धजणार नाही.

गंमत अशी की हा घोटाळा मुळात उलट्या बाजूने झालेला आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलालाच स्लॉथ ठरवून टाकलं. का, तर लांब वाकड्या नख्या, आणि वरच्या जबड्यातले समोरचे मधले दोन दात गायब! नाव ठेवलं 'ब्रॅडिपस अर्सिनस', म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ. चूक पुढे सुधारली, पण आपल्या अस्वलाला इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. इंग्रजीत 'स्लॉथ' म्हणजे आळस. 'आळशी अस्वल' हे त्या नावाचंच शब्दशः भाषांतर, आणि आता ते भलत्याच प्राण्याच्या गळ्यात पडलंय.

नुसतं 'आळशी' म्हणावं, तर तसं म्हणणारे पुष्कळ आहेत. स्पॅनिशमध्ये त्याला 'पेरेझोसो' म्हणतात, म्हणजे आळशीच. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तर 'प्रेगिसा', म्हणजे मूर्तिमंत आळस. मला हे पटत नाही. पानांवर जगणारा प्राणी. त्यातून ताकद मिळते थोडी आणि पचायला दिवसच्या दिवस लागतात. तो हळू चालणार नाही तर काय करणार? तीनबोटी स्लॉथ झाडावरून साधारण आठवड्यातून एकदा खाली उतरतो, तोही परसाकडला.

तिथल्या मूळच्या तुपी भाषेत तीनबोटी स्लॉथला त्याच्या ओरडण्यावरून नाव आहे: 'आई'. छान आहे, पण 'आई झाडाला उलटी लटकली होती' हे वाक्य मराठी वर्गात वाचून बघा!

'मंदचर' हा शब्द निशाचर, जलचर यांच्या रांगेत शोभतो, आणि कंसात एकदा द्यायला हरकत नाही. मजकुरात मात्र मी सरळ 'स्लॉथ' लिहीन. परक्या नावाला बिचकायचं कारण नाही. 'काजू' आणि 'अननस' हे मुळात तुपीतलेच शब्द. पोर्तुगीजांबरोबर आले आणि आपल्या घरचे झाले. जॅग्वार, टॅपिर, कॅपिबारा ही नावंही तुपीच्याच घरची. कॅपिबाराचा तर अर्थच 'गवत खाणारा'. 'स्लॉथ' इंग्रजी आहे खरा, पण निदान दुसऱ्या प्राण्याशी गल्लत होत नाही.

लिंग पुल्लिंगी ठेवा: तो स्लॉथ, ते स्लॉथ, स्लॉथच्या नख्या. पाठात 'दोनबोटी स्लॉथ' आला असेल तर एक सांभाळा. मागच्या पायांना बोटं त्यालाही तीनच असतात. दोन असतात ती पुढच्या पायांना. तेव्हा चित्राखाली 'पुढच्या पायांना दोन बोटं' असं स्पष्ट लिहा, नाहीतर चित्रातली बोटं मोजून एखादं पोर तुमचीच चूक काढेल.