बंद पेट्रोल पंपाची जागा घेतोय, जमिनीतल्या टाक्या काढल्यात. तपासणी लागेल का?

लागेल, टाकी निघाली म्हणजे माती स्वच्छ झाली असं नाही. मी भूजल तपासणीत काम करतो. गळती पाइपच्या जोडांतूनही होते, म्हणून मातीचे नमुने खड्ड्याच्या तळातून, पाइपलाइनखालून आणि जिथे पेट्रोल भरायचं मशीन उभं होतं तिथून घ्या. शेजारची विहीरही तपासा, आपल्या काळ्या पाषाणात पेट्रोल भेगांतून लांब सरकतं. लॅबला ‘पिण्याच्या पाण्याची तपासणी’ एवढंच सांगू नका (साध्या तपासणीत पेट्रोलचे अंश सापडत नाहीत), बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन अशी पेट्रोलमधल्या रसायनांची नावं द्या. पाण्याची काचेची कुपी काठोकाठ भरा. बुडबुडा राहिला की बेंझिन त्यात उडतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेंझिनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. मात्र उन्हाळ्यातला एकच अहवाल पुरेसा धरू नका, पावसाळ्यानंतर भूजलाची पातळी चढली की पुन्हा नमुना घ्या.