आधी उतरायला शीक

प्रिय मुला,

टेव्हिस कपला, घोड्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला, उतरायचं ठरवलंस आणि अडलास कशावर, तर घोडा बदलू की खोगीर. दोन्ही राहू दे. तू पाठवलेल्या नोंदी स्पष्ट बोलतात: दर व्हेट चेकला, म्हणजे वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीला, घोड्याची नाडी उशिरा खाली येते, आणि तू तपासणीच्या दारापर्यंत त्याच्या पाठीवरच असतोस.

घोड्यावरून उतर.

शर्यत अशी: अमेरिकेच्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या रोबी पार्कहून ऑबर्नपर्यंत 100 मैल, 24 तासांत. सक्तीच्या तासभराच्या दोन विश्रांती, 36व्या मैलावर रॉबिन्सन फ्लॅटला आणि 68व्या मैलावर फॉरेस्टहिलला. निकाल लागतो तो या दोहोंमधल्या दऱ्यांत. झुलत्या पुलापर्यंत खाली, पलीकडे डेव्हिल्स थंबचा खडा चढ, मग एल डोराडो दरीत पुन्हा तेच, बहुतेकांच्या वाट्याला भर उन्हात.

उतार आला की उतर. सपाटीवरसुद्धा घोड्याचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो वाढतो, खोगीर पुढे सरकतं आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, कोपराच्या मागे घासतो. दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, खोगीर मागे धरून ठेवते, तुझं वजन कमी करत नाही.

खडा चढ आला तरी उतर आणि शेपूट धरून चाल. हे घरी शिकवायचं असतं. आधी छोट्या टेकाडावर बाजूने चालत शेपटीच्या मुळाशी हात, मग हलका ताण, मग हळूहळू मागे. लांब दोर हातात हवाच, नाहीतर त्याला थांबवणार कसं? लाथ झाडणाऱ्या घोड्यावर हा प्रयोग नको.

व्हेट चेकच्या तीन-चारशे मीटर आधी उतर, तंग एक भोक सैल कर, चालवत आण. पोहोचताच मानेवर, छातीवर पाणी ओत, लगेच निपटून काढ, पुन्हा ओत.  स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे ठेव. 15 सेकंदांत 15 ठोके म्हणजे मिनिटाला 60. डॉक्टर नाडी मोजून 125 फूट जाऊन-येऊन दुडकी चालवायला लावतात आणि दुडकी सुरू झाल्यापासून मिनिटाने पुन्हा मोजतात. 60चे 72 झाले तर घोडा थकलाय किंवा त्याला कुठेतरी दुखतंय. अशा वेळी वाद घालू नकोस.

इलेक्ट्रोलाइटबद्दल, म्हणजे घामातून जाणाऱ्या क्षारांबद्दल, एकच सांगतो: पाणी पिणाऱ्या घोड्यालाच द्यायचे. न पिणाऱ्याच्या पोटात दाट मीठ गेलं की ते शरीरातलं पाणी आतड्याकडे खेचतं. लघवी कॉफीसारखी गडद झाली तर राइड तिथेच संपली, एक पाऊलही पुढे नाही.

उतरण्यात वेळ जातो म्हणशील. लोक मला हट्टी म्हणतात ते यावरूनच, आणि मी मागे हटणार नाही. नाडी पटकन उतरली की तपासणीत ती मिनिटं परत मिळतात. पहिल्या दहांतल्या सर्वांत सुस्थितीतल्या घोड्याला हॅगिन कप देतात. मला विचारशील तर पहिल्या नंबराहून तो मान मोठा.

खोगिराचे पैसे वाचव आणि खाचदार तळव्याचे, डोंगरात धावायचे बूट घे. त्यांना टाच नसते, पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकू शकतो, म्हणून पुढून पिंजरा असलेल्या रिकिबी लाव. आठवड्यातून दोन चढ घोड्याविना चढ. पुढच्या पत्रात नाडीचे आकडे पाठव, पोहोचल्यावर, 5 मिनिटांनी आणि 10 मिनिटांनी. आणि कुठे कुठे उतरलास तेही लिही.