न्यायमूर्तिपदाची परीक्षा कोणती?

सप्रेम नमस्कार.

मिलवॉकीहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. अकरावीत शिकणारी आपली कन्या अमेरिकेतल्या आपल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हायचे म्हणते. आपले दीर एमपीएससीची परीक्षा देऊन सोलापूरकडे दिवाणी न्यायाधीश झाले. तेव्हा तिकडची परीक्षा कोणती आणि क्लास केव्हापासून लावावा, असे आपण विचारले आहे. तशी परीक्षाच तिकडे नाही. त्या न्यायालयाचे सातही न्यायमूर्ती मतदार दहा वर्षांसाठी निवडून देतात. मुदतीच्या आत जागा रिकामी झाली, तर गव्हर्नर नेमणूक करतात.

याच न्यायालयात ४३ वर्षे काढलेल्या शर्ली अब्राहमसन यांची वाटचाल सांगितली, तर मुद्दा लवकर ध्यानात येईल. पोलंडहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी १९३३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा जन्म झाला. १९५६ मध्ये इंडियाना विद्यापीठातून त्या कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा वर्गातल्या त्या एकमेव मुलगी होत्या आणि पहिल्याही आल्या होत्या. तरी वकिलांच्या फर्ममध्ये बाईला जागा मिळणे अवघड, ग्रंथपालाचे काम पाहता येईल, असे त्यांना तिथल्या अधिष्ठात्यांनीच सुचवले. त्यांनी विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मॅडिसनला जाऊन १९६२ मध्ये कायद्यात डॉक्टरेट मिळवली आणि पुढची चौदा वर्षे वकिली व विद्यापीठात अध्यापन अशी दोन्ही कामे केली. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या चौदा वर्षांत आहे, कारण १९७६ मध्ये गव्हर्नर पॅट्रिक ल्युसी यांनी त्यांना न्यायालयावर नेमले, तेव्हा त्यांच्यामागे कोणत्याही परीक्षेची गुणपत्रिका नव्हती. होते ते वकिलीत आणि वर्गात कमावलेले नाव.

त्या न्यायालयातल्या त्या पहिल्या स्त्री, आणि १९९३ पर्यंत एकट्याच. नेमणुकीनंतर मात्र लोकांपुढे जावेच लागले: १९७९, १९८९, १९९९ आणि २००९ अशा चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९९ मध्ये तर काही सहकारी न्यायमूर्तींनीच उघडपणे प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला होता. १९९६ पासून त्या मुख्य न्यायमूर्ती होत्या. २०१५ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ते पद ज्येष्ठतेऐवजी न्यायमूर्तींच्या मतांवर ठरू लागले आणि त्यांचे पद गेले. त्याविरुद्ध त्या न्यायालयात गेल्या, हरल्या, आणि २०१९ मध्ये मुदत संपेपर्यंत त्याच पीठावर बसून काम करत राहिल्या. निवडून येण्याच्या पद्धतीत हा भाग येतोच, आणि तो कन्येला आत्ताच सांगावा असे मला वाटते. उमेदवारीसाठी किमान दोन हजार मतदारांच्या सह्या लागतात आणि त्या गोळा करायचा काळ सुरू होतो १ डिसेंबरला. तिथली थंडी आपल्याला मी काय सांगावी!

शिक्षणाचा भाग सोपा आहे. चार वर्षांची कोणतीही पदवी, बहुतेक ठिकाणी एलसॅट ही प्रवेशपरीक्षा, मग जे.डी. ही तीन वर्षांची कायद्याची पदवी. राज्यातल्याच मॅडिसन किंवा मार्क्वेट विधी महाविद्यालयातून ठरलेले विषय घेऊन पदवी मिळवली, तर विस्कॉन्सिनमध्ये वकिलीची सनद वेगळी परीक्षा न देता मिळते. राज्याबाहेर शिकल्यास ही सवलत नाही. मुलीला तिथेच न्यायमूर्ती व्हायचे असेल, तर मोठ्या नावाच्या दूरच्या कॉलेजासाठी कर्ज काढण्यापूर्वी याचा विचार जरूर करावा. न्यायमूर्तिपदासाठी राज्याची सनद लगतची किमान पाच वर्षे हातात असावी लागते, पण पाचव्या वर्षी कोणी बोलावणे पाठवत नाही. पंधरा-वीस वर्षांची वकिली धरून चालावे.

क्लासचे पैसे तूर्त वाचवा. शाळेत मॉक ट्रायलचा, म्हणजे सरावासाठी लुटुपुटीचा खटला चालवणारा, संघ असेल तर तिला त्यात घाला, आणि सुनावणीच्या एखाद्या दिवशी मॅडिसनच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे हे न्यायालय जिथे बसते त्या राज्याच्या विधानभवनात, घेऊन जा. सुनावणी सर्वांना खुली असते. बोलणाऱ्या वकिलाला न्यायमूर्ती मध्येच अडवून कोणते प्रश्न विचारतात, ते तिने वहीत टिपून घ्यावे, आणि ती वही पुढच्या पत्रासोबत मला पाठवावी.