हार्डडिस्क बदलली म्हणून परवाना जात नाही

प्रश्न : सांगली जिल्ह्यात माझे डीटीपीचे दुकान आहे, मी आणि एक मदतनीस. २०१२ मध्ये पानांच्या मांडणीचे एक सॉफ्टवेअर कायमस्वरूपी परवान्यासह पक्क्या बिलावर घेतले. विंडोज ७ च्या संगणकावर ते इतकी वर्षे नीट चालले. हार्डडिस्क गेल्यावर एसएसडी बसवली आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकले, तर परवान्याची ऑनलाइन पडताळणी, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ एवढेच दिसते. कंपनी फोनवर सांगते, ते उत्पादन बंद झाले, आता वर्गणीचे घ्या. दुरुस्तीवाला क्रॅक, म्हणजे ही पडताळणी चुकवणारी फाइल, टाकून देतो म्हणतो. खरा परवाना माझ्याकडे असताना त्यात गुन्हा कसला?

उत्तर : क्रॅक टाकू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार, ज्याच्या ताब्यात प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या आली आहे त्याला, तो ज्या कामासाठी दिला गेला त्या कामापुरती प्रत किंवा फेरफार करता येतो. या कलमावर बचाव उभा करता येईल. पण दुरुस्तीवाला जी फाइल टाकणार ती तुम्ही विकत घेतलेल्या प्रतीतली नाही, कोणीतरी बेकायदा बनवून पसरवलेली आहे. अशी प्रत जाणूनबुजून वापरण्यावर कलम ६३ब लागते : किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. तुमचा वापर दुकानातला, म्हणून ती सवलत नाही. शिवाय उद्या ग्राहक आयोगात गेलात, तर कंपनी सर्वांत आधी याच फाइलकडे बोट दाखवेल.

दुसरे, दोष नक्की कुठे आहे ते तपासा, कारण ‘बिघाड तुमच्या संगणकात आहे’ हा कंपनीचा ठरलेला बचाव. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते, सुरक्षा प्रमाणपत्रे जुळत नाहीत आणि सर्व्हर चालू असूनही संपर्क तुटतो. सेल बदला, तारीख-वेळ लावा. विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत) आपोआप चालू नसते; सर्व्हिस पॅक १ वर केबी३१४०२४५ हे अपडेट टाकून, त्यासोबतची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमधली) नोंद करावी लागते. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये हे हमखास राहून जाते. इतके करूनही तोच संदेश आला, तर तारखेसकट त्याचे फोटो काढा.

आता परवाना. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना सहसा त्या यंत्राशी, बहुधा मदरबोर्डशी, बांधलेला असतो. सुटा विकत घेतलेला रिटेल परवाना बहुतेक वेळा दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. तुमचा सुटा आहे आणि मदरबोर्डही तोच आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्ही सुरक्षित. ‘यंत्रांची मर्यादा संपली’ असे कोणी म्हटले, तर जुनी डिस्क निकामी झाल्याने तिच्यावरून डीअ‍ॅक्टिव्हेट करता आले नाही, हे सांगून मोजणी शून्यावर आणायला सांगा.

फोनवरचा नकार पुराव्यात जवळपास कुचकामी. ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र धाडा : बिल क्रमांक, सिरियल क्रमांक, केलेल्या तपासण्या, आणि १५ दिवसांत तीनपैकी एक करण्याची मागणी. अ‍ॅक्टिव्हेशन करून द्या, अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत द्या, नाहीतर तत्सम कायमस्वरूपी आवृत्ती द्या. मधली मागणी अवाजवी नाही. अडोबीने सीएस२ चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी तशीच प्रत उपलब्ध केली होती.

उत्तर नकाराचे आले किंवा आलेच नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते. करारात लवादाचे कलम असले तरी आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

‘तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नव्हे’ हा आक्षेप येईलच. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यावसायिक वापरा’तून वगळली आहे, आणि एकदोन मदतनीस असले तरी ग्राहकपण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निकालात (१९९५) म्हटले आहे. उत्पन्नाचे हेच साधन असल्याचे तक्रारीत स्पष्ट लिहा; अनेक तक्रारी हे एक वाक्य नसल्याने अडखळतात.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. कंपनी २०१२ पासून मोजू पाहील. आपण लेखी नकारापासून मोजायची. म्हणूनच ते पत्र. तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द वापरा. ‘अनुचित करार’ म्हणालात तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकाराबाहेर, थेट राज्य आयोगाकडे जाते. विक्रेता आणि कंपनीचे भारतातील कार्यालय, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.

पूर्ण किंमत परत मिळेल अशी आशा धरू नका; इतकी वर्षे वापर झालेला आहे. अ‍ॅक्टिव्हेशन आणि माफक भरपाई ही पदरात पडण्याजोगी मागणी. काम अडले असेल तर कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज सोबतच द्या. बंद पडलेली हार्डडिस्क मात्र भंगारात टाकू नका. तिच्यावरचा अनुक्रमांक आणि दुरुस्तीवाल्याची पावती तक्रारीला जोडायची आहे.