वाचकांचे प्रश्न : क्रॅडली हीथचा बंद पडलेला मोटारसायकल संघ

मागील अंकात शहापूरच्या एका वाचकाने पाठविलेले, इंग्लंडमधील स्पीडवे शर्यतीचे जुने छायाचित्र आम्ही छापले होते. त्यावर सीमाभागातून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पहिले पत्र छायाचित्र पाठविणाऱ्या वाचकाचेच आहे, आणि त्यातील प्रश्न सर्वांत मूलभूत असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे काका तरुणपणी इंग्लंडच्या ब्लॅक कंट्री भागात ओतकामाच्या कारखान्यात नोकरीला होते आणि निवृत्तीनंतर शहापूरला परतले. मी स्वतः उद्यमबागेतील फाउंड्रीत काम करतो, त्यामुळे आमच्या गप्पा भट्टीपासून सुरू होतात. पण काका थोड्याच वेळात क्रॅडली हीथच्या मोटारसायकल संघाकडे वळतात. पेनहॉल, गुंडरसन ही नावे घेताना त्यांचा आवाज भरून येतो. हा संघ १९९६ नंतर उरला नाही, असे ते सांगतात. इतक्या वर्षांपूर्वी बंद पडलेल्या संघाची एवढी ओढ का असावी, आणि जगज्जेते देणारा संघ बंद तरी का पडावा?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : काकांची ओढ समजण्यासाठी आधी तो खेळ डोळ्यांसमोर आणावा लागेल. स्पीडवेमध्ये भरड दगडी चुऱ्याच्या अंडाकृती धावपट्टीवर चार स्वार एकाच वेळी सुटतात आणि डावीकडे वळत चार फेऱ्या पूर्ण करतात. गाडीला ब्रेक नसतो, गिअर एकच असतो आणि इंधन म्हणून मिथेनॉल वापरतात. वळण आले की मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरू देऊन गाडी आडवी करायची, पोलादी तळवा चढवलेला डावा पाय जमिनीवर टेकवून तोल सांभाळायचा आणि हे सारे ॲक्सिलरेटर पिळलेला असतानाच करायचे, हे या खेळाचे कौशल्य. एक शर्यत जेमतेम मिनिटभर चालते. पहिल्याला ३, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला १ गुण मिळतो. चौथ्याच्या पदरी काही पडत नाही. यजमान संघाच्या दोघांची हेल्मेट लाल व निळी असत, तर पाहुण्यांची पांढरी व पिवळी. १९८० च्या सुमारास साखळी सामन्यात अशा १३ शर्यती होत, आणि प्रत्येक शर्यत संपली की प्रेक्षक छापील कार्यक्रमपत्रिकेतील रकान्यांत पेन्सिलीने गुण भरत. काकांनी त्या पुस्तिका जपल्या असतील, तर त्यांतील आकडे बहुधा त्यांच्याच हस्ताक्षरात असतील.

क्रॅडली हीथ हे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस असलेले, लोखंडी साखळ्या आणि खिळे घडविणारे कामगारांचे गाव. तेथील साखळी घडविणाऱ्या स्त्रियांनी १९१० मध्ये किमान वेतनासाठी केलेला संप इंग्लंडच्या कामगार चळवळीत आजही आदराने सांगितला जातो. या गावालगतच्या डडली वूड मैदानावर १९४७ मध्ये शर्यती सुरू झाल्या, १९५२ नंतर काही वर्षे थांबल्या आणि १९६० मध्ये पुन्हा सुरू झाल्या. हीदन्स या नावाने ओळखला जाणारा हा संघ आपल्या मैदानावर शनिवारी उतरत असे. आठवडाभर भट्टीच्या धगीत उभा राहिलेला कामगार शनिवारी संध्याकाळी कुटुंबासह तेथे जाई आणि वर्षानुवर्षे त्याच वळणापाशी, त्याच शेजाऱ्यांबरोबर उभा राही.

संघाचे सोन्याचे दिवस १९७८ नंतर आले. त्या वर्षी कॅलिफोर्नियाचा ब्रूस पेनहॉल संघात दाखल झाला, आणि पुढच्याच वर्षी डेन्मार्कचा एरिक गुंडरसन आला. ५ सप्टेंबर १९८१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, पेनहॉलने जगज्जेतेपद मिळविले. त्या रात्रीच्या दोन शर्यती जुने चाहते अजून फेरीफेरीने सांगतात : एकीत त्याने डेन्मार्कच्या ओले ओल्सेनला आणि दुसरीत टॉमी नुडसेनला अगदी अंतिम रेषेवर गाठून मागे टाकले. हीदन्सने साखळी स्पर्धाही त्याच वर्षी जिंकली. पुढील वर्षी अंतिम स्पर्धा पेनहॉलच्या घरच्याच लॉस एंजेलिसमध्ये झाली. तेथे किताब राखून त्याने ऐन उमेदीत निवृत्ती जाहीर केली आणि तो दूरचित्रवाणीवरील अभिनयाकडे वळला. डडली वूडच्या लोकांना अभिमान वाटला आणि चुटपुटही लागली. तरीही १९८३ मध्ये संघाने पुन्हा साखळी स्पर्धा जिंकली. गुंडरसनने १९८४, १९८५ आणि १९८८ मध्ये, तर त्याचाच देशबंधू यान ओ. पेडरसनने १९९१ मध्ये जगज्जेतेपद मिळविले. एका लहानशा कामगार गावाच्या संघाकडे इतके किताब यावेत, ही त्या खेळातही विरळा गोष्ट आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हीदन्स हरत होते म्हणून बंद पडले नाहीत. त्यांच्या पायाखालची जमीन त्यांची नव्हती. डडली वूडचे मैदान संघाच्या मालकीचे नसल्याने त्या जागेचे काय करायचे, हा निर्णय संघाच्या किंवा प्रेक्षकांच्या हाती नव्हता. १९९५ च्या हंगामाअखेरीस मैदान बंद झाले, पुढे ते पाडले गेले आणि तेथे घरे उभी राहिली. १९९६ मध्ये संघाने सुमारे साठ किलोमीटर उत्तरेला, स्टोकच्या मैदानावर आश्रय घेऊन एक हंगाम काढला. त्याच हंगामात संघाचा अमेरिकन स्वार बिली हॅमिल जगज्जेता झाला. म्हणजे ज्या संघाला स्वतःचे घर उरले नव्हते, त्याच्याकडे त्या वर्षी जगातील सर्वोत्तम स्वार होता. परंतु शनिवारी चालत मैदानावर जाणारा प्रेक्षक दर आठवड्याला साठ किलोमीटर जाऊ शकत नाही. त्या हंगामानंतर संघ विसर्जित झाला. २०१० मध्ये चाहत्यांच्या आग्रहाने हीदन्स हे नाव खालच्या श्रेणीत पुन्हा धावपट्टीवर आले, पण तेही दुसऱ्यांच्या मैदानांवर. क्रॅडली हीथला स्वतःचे मैदान परत मिळाले नाही.

ओढीचे कारण माझ्या मते याच घटनाक्रमात आहे. एखादा संघ हरू लागला, तर चाहता रागावतो, पुढच्या हंगामाची वाट पाहतो आणि त्याच्या मनातील हिशेब चालू राहतो. येथे हिशेब मध्येच तुटला. शिवाय हे स्वार दूरचे तारे नव्हते. सामना संपल्यावर लहान मुले गाड्या उभ्या असत तेथवर जात, सह्या घेत, आणि नुकताच जिंकलेला स्वार हाताला ग्रीस लागलेल्या अवस्थेत त्यांच्याशी बोलत असे. ज्याने आपल्या भागातील कुस्तीच्या मैदानात हौद्याच्या कडेला बसून पैलवानाच्या अंगावरची तांबडी माती जवळून पाहिली आहे, त्याला ही जवळीक वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. वळणापाशी उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या कपड्यांवर धावपट्टीचा चुरा उडत असे. इंजिनात एरंडेलापासून बनविलेले वंगण वापरीत. ते जळताना येणारा गोडसर वास जुन्या चाहत्यांच्या आठवणींत हटकून येतो. काकांना एकदा त्या वासाबद्दल अवश्य विचारा.

प्रश्न : निपाणीत माझे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे आणि आजवर मी असंख्य जावा व येझदी उघडल्या आहेत. छापलेल्या छायाचित्रातील गाडीच्या टाकीवर ‘जावा’ असे दिसते. ती आपल्या म्हैसूरच्या गाडीसारखीच असते का?
– एक मेकॅनिक, निपाणी

उत्तर : घराणे एक, पण गाडी पूर्णपणे वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. आपल्या ओळखीची ती गाडी, जिची किक आणि गिअरचा दांडा एकच असे, ती २५० सीसीची टू-स्ट्रोक होती. स्पीडवेची जावा मात्र ५०० सीसीची, एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक गाडी. तिचे मूळ यारोस्लाव्ह सिमांडल यांनी दिविशॉव्ह येथे सुरू केलेल्या ईएसओ या कारखान्यात आहे. तो कारखाना १९६४ मध्ये जावात विलीन झाला आणि पुढे तेथील शर्यतीच्या गाड्यांवर जावाचे नाव आले. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर आणि डेन्मार्कचा ओले ओल्सेन यांनी जावावर बसून जगज्जेतेपदे मिळविली. १९७० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडचे चार व्हॉल्व्हचे वेस्लेक इंजिन आले आणि जावाची मक्तेदारी मोडली. १९७६ मध्ये पीटर कॉलिन्सने वेस्लेकवरच किताब जिंकला.

म्हैसूरचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. आज जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीप्रेमी आपापल्या गाड्या पुसूनपासून गावोगावी एकत्र येतात. त्यांच्याजवळ गाडी आहे, ती सुरू करता येते आणि सुटा भाग मिळाला नाही तर आपल्यासारखा कारागीर तो घडवून देतो. हीदन्सच्या चाहत्यांना तेवढाही आधार नाही, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : गाडीला ब्रेकच नसेल, तर हा जिवाशी खेळ झाला. अशा खेळाचे कौतुक करावे का? माझा मुलगा मोटारसायकल वेगाने चालवतो, म्हणून विचारते.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि या खेळाच्या आठवणी सांगताना त्यातील इजा झाकून ठेवू नयेत, असेच मलाही वाटते. १७ सप्टेंबर १९८९ रोजी ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर जागतिक सांघिक अंतिम सामन्याच्या पहिल्याच शर्यतीत, पहिल्याच वळणावर अनेक स्वार एकमेकांवर आदळले आणि गुंडरसन जबर जखमी झाला. तो वाचला, जिद्दीने पुन्हा चालू लागला, पण त्याची शर्यतीची कारकीर्द तेथेच संपली. पेडरसनची कारकीर्दही १९९२ मधील अपघाताने संपली. एकाच संघाचे दोन जगज्जेते तीन वर्षांच्या आत असे गमावल्यामुळे क्रॅडलीच्या चाहत्यांच्या आठवणीत आनंदाच्या जोडीने ही जखमही आहे.

ब्रेक नसण्यामागे मात्र कारण आहे. चार गाड्या एकमेकींना चिकटून धावत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागचा त्याच्यावर आदळणारच. कोणालाच ब्रेक नसला की सर्वांचा वेग एकाच रीतीने कमी होतो. स्वाराच्या मनगटाला बांधलेली दोरी तो पडताच इंजिन बंद करते, आणि पुढे वळणांवर हवा भरलेले कुंपण लावण्याची पद्धतही आली. चौघेही एकाच दिशेने जातात, समोरून काही येत नाही आणि रुग्णवाहिका आत उभी असते. खानापूर-बेळगाव रस्त्यावर यांपैकी काहीही नसते. हे मुलाला जरूर वाचून दाखवा.

प्रश्न : हा खेळ आता संपला का?
– एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : नाही. पोलंडमध्ये साखळी सामन्यांना आजही मैदाने भरतात, आणि तेथील बार्तोश झ्मार्झलिक या स्वाराने २०१९ पासून अनेकदा जगज्जेतेपद मिळविले आहे. इंग्लंडमध्ये मात्र मैदाने एकेक करून जात आहेत. कॉव्हेंट्रीच्या ब्रँडन मैदानावर २०१६ नंतर स्पीडवे झाले नाही, आणि हीदन्सचे जुने प्रतिस्पर्धी वुल्व्हरहॅम्प्टन यांनीही २०२३ नंतर आपली मनमोर ग्रीनची धावपट्टी गमावली. कालपर्यंत ज्यांच्याशी हाडवैर होते, त्यांच्या मैदानासाठी हीदन्सचे जुने चाहते हळहळले असतील, यात मला शंका नाही.

प्रश्न : काकांजवळ कार्यक्रमपत्रिका, काही बिल्ले आणि छायाचित्रे आहेत. पुढच्या पिढीला यांतले काही कळणार नाही. हा ठेवा कसा सांभाळावा?
– पहिल्या प्रश्नाचेच वाचक, शहापूर

उत्तर : बेळगावचा पावसाळा कागदाचा शत्रू आहे, म्हणून पुस्तिका लोखंडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नयेत. त्यांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि गंजलेल्या टाचण्या अलगद काढून टाकाव्यात. प्रत्येक पुस्तिका आम्लरहित कागदात गुंडाळून आडवी ठेवावी आणि पाऊस सरला की सावलीत वारा द्यावा. बिल्ल्यांना पॉलिश लावू नये. त्याने वरचा मुलामा निघून जातो. पेन्सिलीने भरलेले गुण पुसट झाले असले, तरी त्यांवरून पुन्हा गिरवू नये, कारण ते आकडे त्या संध्याकाळी लिहिले गेले, यातच त्यांचे मोल आहे. पानांची छायाचित्रे मात्र आत्ताच काढून ठेवावीत.

वस्तूंपेक्षाही निकड काकांच्या सांगण्याची आहे. एकेक कार्यक्रमपत्रिका त्यांच्यासमोर उघडा आणि त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करा. कोण जिंकले हे छापील नोंदींतही सापडेल. ते कोणत्या वळणापाशी उभे राहत, बरोबर कोण असे, घरी कसे परतत आणि सोमवारी कारखान्यात त्यावर काय बोलणे होई, हे दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. छायाचित्रांतील माणसांची नावे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, मराठीत, काकांच्याच हातून लिहून घ्यावीत. त्यांतील काही आठवणी आपण लिहून पाठविल्यास पुढील अंकांतून आम्ही त्या प्रसिद्ध करू.