चित्रकथेतला नायक पडद्यावर येताना

प्रश्न : लहानपणापासून सुपरहिरोंची कॉमिक्स जमवतो. त्यांवर चित्रपट येणार म्हटले की आनंद होतो, पण मूळ पात्र बिघडवतील अशी धास्तीही वाटते. ही धास्ती रास्त आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रास्त आहे; मात्र ती नटाच्या निवडीवरून धरू नये. १९८९च्या ‘बॅटमॅन’साठी विनोदी भूमिकांमुळे परिचित असलेल्या मायकेल कीटन यांची निवड होताच चाहत्यांनी स्टुडिओकडे हजारो विरोधपत्रे पाठवली, आणि पुढे त्यांच्याच बॅटमॅनला भरभरून दाद मिळाली.

खरी कसोटी पात्राच्या गाभ्याची असते. १९६२ साली कॉमिक्समध्ये अवतरलेला पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडरमॅन, जाळे फेकण्याचे यंत्र स्वतः बनवतो, आणि त्यातूनच त्या बेताच्या परिस्थितीतल्या मुलाची बुद्धी आपल्याला दिसते. २००२च्या ‘स्पायडरमॅन’मध्ये जाळे थेट त्याच्या मनगटातून निघाले, हे मला आजही खटकते. तरीही काकांच्या मृत्यूनंतरची त्याची अपराधी जाणीव त्या चित्रपटाने मनापासून जपली, म्हणून तो मला प्रिय आहे. जाळे फेकण्याचे ते यंत्र पुढे स्पायडरमॅनच्या २०१२च्या चित्रपटात परत आले.