१०० एमबीपीएसचं कनेक्शन, मोबाइलवर ९० येतो; मग जुन्या टॅबवर ३०च का?

मोबाइलवर ९० येतोय ना, मग नेटवाल्याशी भांडू नका. अडचण टॅबचीच. उदाहरणार्थ, गूगलचा २०१२चा नेक्सस ७ टॅब: त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ-पट्ट्याचं वाय-फाय, ५ गिगाहर्ट्झचं नाहीच. असा एका अँटेनाचा टॅब नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर (म्हणजे त्या पट्ट्यातल्या एका तुकड्यावर) राउटरशी फार तर ७२ एमबीपीएसने जोडला जातो, आणि हाती पडतो त्याच्या साधारण अर्धाच. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची गर्दी याच २.४च्या पट्ट्यात. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क मोबाइलला दिसतं आणि टॅबला नाही, तर उलगडा झालाच. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४साठी चॅनेल १, ६, ११ पैकी मोकळं असेल ते लावून बघा, थोडा फरक पडेल. यासाठी नवा महागडा राउटर मात्र घेऊ नका; टॅबमधली चिप तीच राहणार.